उठवणारी हाक

मिरज ते पुणे या रेल्वेमार्गावरच्या भिंती मला पाठ आहेत. सांगली मागे पडली की उसाच्या फडांच्या कडेला, विहिरीवरच्या मोटारीच्या खोल्यांवर, शाळांच्या कुंपणांवर रंगवलेली अक्षरं सुरू होतात. सिमेंट, पाण्याच्या मोटारी, ठिबकच्या नळ्या, द्राक्षावरची औषधं, बियाणं, सोन्याची पेढी, स्पर्धा परीक्षांचे क्लास. धावत्या गाडीतून वाचता यावं म्हणून रंगाऱ्याने शब्द कमी आणि अक्षरं रुंद ठेवलेली असतात. कऱ्हाड, सातारा, लोणंद, जेजुरी करत गाडी पुण्याच्या जवळ आली की भिंतींची जागा मोठे फलक घेतात आणि मजकूर बदलतो. आता फ्लॅट येतात, परदेशातलं शिक्षण येतं, आणि जिम येते. पाच-सहा तासांच्या प्रवासात माणसाला काय काय हवं असतं याची एक लांबलचक यादीच डोळ्यांखालून जाते. शेतात पाणी हवं, मुलाला नोकरी हवी, मुलीच्या लग्नात सोनं हवं, शहरात घर हवं आणि मग त्या घरातल्या आरशात दिसायला चांगलं शरीर हवं.

मी पुण्यात जाहिरात आणि संज्ञापन शिकते. लहानपणापासून गाणं शिकते, ते अजून सुटलेलं नाही. सुट्टी लागली की मिरज, सुट्टी संपली की पुणे, असा माझा विद्यार्थीदशेतला काळ या एकाच रुळावर पुढे-मागे सरकतो आहे. म्हणून असेल, पण प्रवास, जाहिरात, व्यायाम आणि गाणं हे चार विषय माझ्या डोक्यात कधी वेगळे राहत नाहीत. वर्गात शिकवलेलं एखादं वाक्य टेकडी चढताना आठवतं आणि तानपुरा जुळवताना एखाद्या फलकावरचा मजकूर मनात येतो. या चारही गोष्टींच्या मुळाशी मला एकच प्रश्न दिसतो. माणसाला ओढ लागते कुठून, आणि ओढ लागल्यावर तो करतो काय?

ओढ पुष्कळदा बाहेरून लागते, असं माझं मत हळूहळू बनत गेलं आहे. आपल्याला वाटतं की आवड आतून उगवते. पण कोणीतरी, कुठेतरी, आपल्याला हाक मारलेली असते. गदगच्या एका शाळकरी मुलाची गोष्ट गाण्याच्या जगात सगळ्यांना माहीत आहे. शाळेतून घरी येताना तो तबकड्यांच्या दुकानापाशी थांबायचा. गिऱ्हाइकं यावीत म्हणून दुकानदार ग्रामोफोन लावून ठेवत असे. त्या तबकड्यांत अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी होती. ती ऐकून त्या मुलाला वाटलं, आपल्याला असं गाता आलं पाहिजे. 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्याने घर सोडलं. रेल्वेने, जवळ पैसे नसताना, डब्यातल्या लोकांना गाणं ऐकवत तो गुरूच्या शोधात उत्तरेकडे गेला. ग्वाल्हेर, रामपूर, जालंधर अशी भटकंती झाली. शेवटी गुरू मिळाले ते घराजवळच, कुंदगोळला. ते सवाई गंधर्व, म्हणजे खाँसाहेबांचेच शिष्य. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी.

ही गोष्ट मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. प्रत्येक जण ती वेडाची, जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. मला मात्र त्या दुकानदाराचं महत्त्व फार वाटतं. त्याने रस्त्यावर आवाज सोडला तो तबकडी विकायला. म्हणजे ती जाहिरातच होती. ऐकणाऱ्यांपैकी काहींनी तबकडी घेतली असेल, काही क्षणभर थांबून पुढे गेले असतील. एका मुलाजवळ विकत घ्यायला काही नव्हतं, म्हणून त्याने गाडी पकडली. एकाच हाकेला ही तीन उत्तरं. भीमसेनजींच्या आयुष्यातल्या पुढच्या सगळ्या गोष्टी, कुंदगोळला गुरूंच्या घरी भरलेलं पाणी, पहाटेचा खर्ज, तासन्‌तास घोटलेला एकेक पलटा, त्या हाकेच्या पलीकडे सुरू होतात. हाक दुसऱ्याची होती, पण तिच्या मागे चालायचं काम त्यांनाच करावं लागलं.

ज्यांच्या आवाजाने ही हाक दिली ते खाँसाहेब माझ्या गावचे. मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे, पण मिरजेत स्थायिक झालेले. 1937 साली दक्षिणेत मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना त्यांना बरं वाटेना. सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या लहानशा स्टेशनवर ते उतरले. फलाटावरच तानपुरा जुळवायला सांगून ते गायला बसले आणि तिथेच गेले, असं त्यांच्या शिष्यपरंपरेत सांगतात. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. मोठमोठे गायक येतात, बिदागीची बोलणी न करता गातात, आणि समोर मांडी घालून बसलेल्यांत भाजीवाले, विद्यार्थी, डॉक्टर, हमाल सगळे असतात. पहाटेपर्यंत बसलेल्या माणसाला तिथे कोणी श्रोता म्हणून वेगळं ओळखत नाही, तो गावातलाच असतो.

मिरजेला गाण्याचं गाव म्हणतात, आणि त्याची कारणं बरीचशी प्रवासात आहेत. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तरुणपणी गाणं शिकायला ग्वाल्हेरपर्यंत गेले, तिथली ख्यालगायकी घेऊन आले आणि ती महाराष्ट्रात रुजवली. मिरजेत त्यांच्याकडे शिकायला आलेला एक मुलगा कुरुंदवाडचा होता. फटाक्याने त्याची दृष्टी अधू झाली होती. तो मुलगा म्हणजे विष्णू दिगंबर पलुस्कर. 1896 साली त्यांनी मिरज सोडली आणि बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर असं करत ते थेट लाहोरला पोहोचले. 5 मे 1901 रोजी तिथे गांधर्व महाविद्यालय सुरू झालं.

पलुस्करांबद्दल वाचताना मला नेहमी एक गोष्ट जाणवते. गाणं तेव्हा दरबारात किंवा कोठीवर होतं. पलुस्करांनी सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर मैफल केली. पुढे विद्यालय काढलं, छापखाना घातला, स्वरलिपीची पुस्तकं छापली, संगीताचं मासिक चालवलं. हे सगळं लोकांना सांगितल्याशिवाय, बोलावल्याशिवाय, छापील कागद हातात दिल्याशिवाय होत नाही. एका अर्थी त्यांनी शास्त्रीय संगीताची जाहिरात केली, आणि ती इतकी उघड्या मनाने केली की सामान्य घरातल्या मुलामुलींना गाणं शिकावंसं वाटलं. माझ्यासारखी मुलगी आज हार्मोनियम समोर घेऊन परीक्षेला बसते, पालक तिला टाळ्या वाजवून शाबासकी देतात, त्यामागे तो छापखाना आहे. 1931 साली पलुस्कर मिरजेतच वारले. इतका फिरलेला माणूस शेवटी आपल्या शिकण्याच्या गावी आला.

गाडी पुण्याकडे निघाली की सांगलीनंतर भिलवडी आणि आमणापूर सोडून किर्लोस्करवाडी येतं. एके काळी या स्टेशनाचं नाव कुंडल रोड होतं. बेळगावात सायकलचं दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना तिथली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोडजवळ बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. निवडुंग आणि साप यांनी भरलेल्या त्या माळावर 1910 साली कारखाना उभा राहिला. त्यांच्या लोखंडी नांगराची कथा आमच्या भागात अजून सांगतात. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली म्हणतात. मी जाहिरातीची विद्यार्थिनी म्हणून या दोन वर्षांचा विचार करते. वस्तू चांगली आहे, उपयोगाची आहे, पण समोरच्याच्या मनात शतकांची भीती आहे. अशा वेळी घाई करून काय होणार? माणसाच्या शेतापर्यंत जावं लागतं, त्याच्या बोलीत बोलावं लागतं, आणि थांबावं लागतं.

या कारखान्याचं एक खबरपत्र 1920 साली निघालं. गिऱ्हाइकांना आणि विक्रेत्यांना कारखान्याची माहिती कळावी, मालाचा प्रसार व्हावा, हा त्याचा हेतू. नाव ‘किर्लोस्कर खबर’, संपादक शंकरराव किर्लोस्कर. त्या खबरपत्राचं पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. 1930 साली ‘स्त्री’ आलं, 1934 साली ‘मनोहर’. नांगराच्या प्रसारासाठी सुरू झालेल्या कागदाने मराठी घरांत आरोग्य, उद्योग, विज्ञान, विवाह, शिक्षण या विषयांवरचं बोलणं नेलं. माझ्या आजीच्या ट्रंकेत ‘स्त्री’चे जुने अंक आहेत, कडा पिवळ्या पडलेले, मधली पानं सुटलेली. आजी सातवीपर्यंत शिकली. ती म्हणते, “शाळा सुटली गं, पण वाचायचं सुटलं नाही. ‘स्त्री’ यायचं ना घरात.” तिच्या हातात ते अंक बघताना मला वाटतं की जाहिरातीच्या धंद्याला याहून मोठा मान मिळणं कठीण आहे. विकायला निघालेल्या माणसाने वाचणाऱ्याला आपल्यापेक्षा मोठं होऊ दिलं.

ज्या बाळासाहेबांनी हा माळ दिला, त्यांचं औंध रेल्वेपासून जरा आत, रहिमतपूरच्या बाजूला आहे. तिथल्या डोंगरावर यमाई आहे, त्यांनीच जमवलेलं चित्रसंग्रहालय आहे, आणि दर वर्षी शास्त्रीय संगीताचा महोत्सव होतो. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, कीर्तन करत, आणि व्यायामाचं त्यांना अतोनात प्रेम होतं. सूर्यनमस्कार आज जगभर ज्या रूपात पोहोचले आहेत त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. पण त्यांच्या व्यायामाची सुरुवात सूर्यनमस्कारांनी झालेली नाही. 1897 साली त्यांनी युजेन सँडो या युरोपातल्या प्रसिद्ध बलवान माणसाची पुस्तकं आणि साधनं मागवली होती. सँडो हा त्या काळातला शरीरसौष्ठवाचा सर्वांत मोठा जाहिरातदार. त्याच्या पिळदार शरीराची छायाचित्रं देशोदेशी जात आणि त्याच्या नावाची साधनं टपालाने घरपोच मिळत. आज फोनवर दिसणाऱ्या आधीच्या आणि नंतरच्या शरीराच्या चित्रांचा हा पणजोबाच. बाळासाहेबांनी सँडोची पद्धत दहा वर्षं नेमाने केली. मग 1908च्या सुमारास मिरजेचे अधिपती गंगाधरराव पटवर्धन यांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि शेवटपर्यंत तेच करत राहिले. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले, पुस्तकं लिहिली, आणि 1938 साली लंडनमध्ये ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं.

मला या कथेत दोन गोष्टी आवडतात. पहिली ही की एका राजालाही छायाचित्र बघून ओढ लागली, आणि त्यात कमीपणा काहीच नव्हता. दुसरी ही की त्याने ती साधनं कपाटात ठेवून दिली नाहीत. दहा वर्षं करून बघितलं आणि मग आपल्या मातीत, आपल्या सूर्याखाली, काहीही विकत न घेता करता येणारा व्यायाम निवडला. नंतर त्याने ज्या गोष्टीचा प्रचार केला ती तो स्वतः रोज पहाटे करत होता. प्रचार करणारा माणूस घामाने भिजलेला असेल तर ऐकणाऱ्याला त्याचं म्हणणं वेगळं ऐकू येतं.

पुण्यातले जिमचे फलक वाचताना मला हा घाम दिसत नाही. तिथे दिवसांचा आकडा असतो. इतक्या आठवड्यांत पोट सपाट, इतक्या दिवसांत नवे तुम्ही. शेजारी वजन उतरवणारी पावडर, उंची वाढवणारी गोळी. आमच्या अभ्यासक्रमात जाहिरातीचे कायदे आहेत. 1954चा औषधे आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा वाचताना मी थबकले होते. ज्या आजारांवर आणि अवस्थांवर इलाजाची जाहिरात करायची नाही अशांची यादी त्यात आहे, आणि त्या यादीत लठ्ठपणा आहे, शरीराची उंची आहे. स्वातंत्र्य मिळून सात वर्षं झाली होती. धान्य, घरं, शाळा यांच्या चिंतेत असलेल्या देशाने तेव्हाच ओळखलं होतं की माणसाच्या शरीराबद्दलच्या लाजेवर धंदा होऊ शकतो. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड ठेवला, पुन्हा केलं तर पन्नास लाख, आणि जाहिरातीत झळकणाऱ्या प्रसिद्ध माणसालाही जबाबदार धरलं. हे चांगलं झालं. पण कायदा खोटं पकडतो. एखादी जाहिरात अक्षरशः खरी असूनही माणसाला त्याच्या स्वतःच्या शरीराचा शत्रू करून सोडते, ते कोणत्याही कलमात बसत नाही.

आमच्या गटाला एकदा व्यायामाच्या अॅपची जाहिरात तयार करायची होती. मैत्रीण म्हणाली, “किती दिवस लागतील ते मोठ्या अक्षरात टाकू. लोकांना तेवढंच बघायचं असतं.” मी म्हटलं, “आणि त्या दिवसांनंतर काय?” ती म्हणाली, “नंतरचं आपल्याला कुठे विकायचंय?” ती हुशार आहे आणि आमच्या धंद्याचं एक सत्य तिने सरळ सांगितलं होतं. त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. नंतरचंच तर सगळं असतं. व्यायामाचं मोल पहिल्या महिन्यात कळत नाही, ते पन्नाशीत जिना चढताना कळतं. गाण्याचं मोल परीक्षेच्या दिवशी कळत नाही. आणि प्रवास पोहोचल्यावर संपत असता, तर कोणी आठवणी सांगितल्याच नसत्या.

मी पर्वती चढते. नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देवस्थान, आणि वर जायला एकशेतीन रुंद दगडी पायऱ्या. पहाटे तिथे सगळं पुणे भेटतं. निवृत्त गृहस्थ काठी टेकत येतात. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पायऱ्यांवर वर-खाली धावतात, त्यातली कितीतरी आमच्याच भागातली, वाळवा-तासगावकडची. नऊवारीतल्या आजीबाई चपला हातात घेऊन चढतात. कोणाच्याही अंगावर महागडे कपडे नसतात, आणि असले तरी तिथे कोणी बघत नाही. सुरुवातीला मी कानात गाणं लावून चढायचे. गाण्याचा वेग पायांना मिळतो, श्रम कळत नाहीत, असं वाटायचं. मग एक दिवस फोनची बॅटरी संपली होती आणि मी मनातल्या मनात एकताल धरला. धिं धिं धागे तिरकिट, तू ना क त्ता. बारा मात्रांत बारा पायऱ्या. समेवर श्वास. विलंबित लयीत चढणं फार अवघड असतं, कारण शरीर घाई मागतं. पण लय धरून ठेवली की वर पोहोचल्यावर छाती धपापत नाही, आणि खाली पसरलेलं शहर निवांत बघता येतं.

तेव्हापासून मला रियाज आणि व्यायाम यांत फरक करता येत नाही. आमच्या गाण्याच्या बाई पहिल्या दिवसापासून सांगतात, “आधी नीट बैस. पाठ सरळ. सूर गळ्यातून येत नाही बाळा, बेंबीपासून येतो.” पहाटे खालच्या सप्तकात षड्ज लावून बसायचं. बाहेर अंधार, गळा जड, आवाज फुटत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी काहीतरी सैल होतं आणि सूर जागेवर बसतो. तो बसला हे ऐकणाऱ्याच्या आधी पोटाच्या स्नायूंना कळतं. दम पुरला पाहिजे, मांडी टिकली पाहिजे, मान आखडता कामा नये. भीमसेनजींच्या आवाजातल्या त्या प्रचंड ताना ऐकताना लोक गळ्याचं कौतुक करतात. मला त्यामागे पाणी वाहणारे खांदे दिसतात.

मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत गेलं की हीच गोष्ट हाताने चाचपता येते. पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात सतार-तानपुऱ्यांची दुरुस्ती करता करता वाद्यं घडवायला सुरुवात केली, आणि आज मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली मिळालेलं भौगोलिक मानांकन आहे. तानपुऱ्याचा भोपळा पंढरपूरच्या बाजूला भीमेच्या काठी पिकतो. चवीला कडू, खायच्या कामाचा नाही. तो सुकवायला महिने जातात. मग त्याला तुणीच्या लाकडाची दांडी, खुंट्या, घोडी, नक्षी. शेवटचं आणि सर्वांत नाजूक काम जवारीचं. घोडीचा पृष्ठभाग केसाच्या जाडीने कमी-जास्त घासत जायचं, तारेखाली सुताचा धागा सरकवत कान देऊन बसायचं, आणि तार झणकारून गुंजू लागली की थांबायचं. माझा तानपुरा जवारीला नेला होता तेव्हा मी कारागीर चाचांना विचारलं, “कधी मिळेल?” ते घासता घासता म्हणाले, “बेटा, तो बोलंल तेव्हा.” त्यांच्या दुकानावर मोठा फलक नाही. देशभरातले गवई त्यांच्याकडे येतात.

आता फोनमध्येही तानपुरा आहे. वसतिगृहाच्या खोलीत तो मला रोज साथ देतो आणि मी त्याची ऋणी आहे. गाण्याचे तुकडे आता अर्ध्या मिनिटाचे झाले आहेत, जाहिरातीच्या मापाचे, याबद्दल मोठी माणसं हळहळतात. मला त्या अर्ध्या मिनिटाची तक्रार करावीशी वाटत नाही. गदगच्या रस्त्यावरही त्या मुलाला तीन-चार मिनिटांचीच तबकडी मिळाली होती. जुन्या तबकडीच्या एका बाजूला त्याहून जास्त मावतच नसे. प्रश्न तुकडा संपल्यावरचा आहे. पुढचा तुकडा आपोआप सुरू होतो, बोट वर सरकतं, आणि ओढ लागायच्या आत दुसरी ओढ तिच्या जागी येऊन बसते. गदगला तबकडी संपली की शांतता होती, आणि त्या शांततेत मुलाला घर सोडायचं सुचलं.

प्रवासाच्या जाहिरातींचंही असंच. साताऱ्याजवळचं कास पठार माझ्या रुळाच्या वाटेवरच म्हणायचं. पावसाळा सरता सरता तिथल्या कातळावर तेरडा फुलतो, सीतेची आसवं फुलतात, टोपली कारवी सात वर्षांनी एकदा बहरते. 2012 साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला आणि छायाचित्रं सर्वत्र गेली. माणसं एवढी लोटली की कुंपण, प्रवेश शुल्क आणि रोजच्या संख्येवर मर्यादा आणावी लागली. चित्र बघून आलेली माणसं चित्रातलीच जागा शोधत फुलांत शिरत होती. मी गेले तेव्हा वनसमितीतला स्थानिक मुलगा वाट दाखवत होता. तो म्हणाला, “मॅडम, खाली वाकून बघा. उभं राहून काय दिसत न्हाई.” वाकल्यावर दिसलं की ज्याला आपण जांभळा गालिचा म्हणतो त्यात बोटाच्या पेराएवढी, कीटक पकडून खाणारी रोपं आहेत. मातीचा थर इतका पातळ आणि इतका गरीब की त्या झाडांना असं पोट भरावं लागतं. पठारापर्यंत मला चित्राने आणलं होतं, आणि वाकायला सांगितलं त्या मुलाने. कासची माझी खरी ओळख त्या वाकण्यापासून सुरू होते.

गाडीत एकदा समोरच्या बाकावर टाकारीचे एक शेतकरी काका होते. मी काय शिकते ते त्यांनी विचारलं. जाहिरात म्हटल्यावर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “म्हंजे लोकास्नी पटवायचं काम. चांगलं हाय. पर पोरी, ज्याला पटवलंस त्यो उद्या रानात उभा ऱ्हानार हाय, एवढं ध्यानात ठेव.” खोटं औषध फवारून वाया गेलेल्या द्राक्षबागा त्यांनी बघितल्या होत्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. माझ्या शिक्षणाची इतकी नेमकी व्याख्या मला कोणत्याही पुस्तकात सापडलेली नाही.

जाहिरात समोर आली की मी आता एकच गोष्ट तपासते. ही मला उठवते आहे की बसवते आहे? पलुस्करांच्या छापील पुस्तकाने मुलं तानपुऱ्यापाशी जाऊन बसली, ती उठूनच. ‘स्त्री’च्या अंकाने माझी आजी चुलीपाशी बसल्या जागी मनाने उठली. बाळासाहेबांच्या पुस्तकाने परदेशातली माणसं पहाटे चटईवर उभी राहिली. या सगळ्यांनी काही ना काही विकलं, निदान स्वतःचं म्हणणं तरी विकलंच. विकण्यात वाईट काही नाही. पण त्यांनी ओढ लावली आणि वाटही दाखवली, वाट किती लांब आहे तेही लपवलं नाही. माणूस त्या लांबीला घाबरत नाही, यावर त्यांचा विश्वास होता. वारीला निघणारे, उरुसात पहाटेपर्यंत बसणारे, पोलीस भरतीसाठी अंधारात धावणारे आमच्या भागातले लोक बघून मोठी झालेली मी हा विश्वास सोडायला तयार नाही.

शिक्षण संपल्यावर मी याच धंद्यात जाणार आहे. पगार लागतो, घरच्यांच्या अपेक्षा आहेत, आणि मुळात मला हे काम आवडतं. थोड्या शब्दांत अनोळखी माणसाशी बोलायचं, त्याच्या मनात काहीतरी पेटवायचं, ही मोठी विद्या आहे. मी व्यायामाची जाहिरात लिहीन तेव्हा तिच्यात वर्षं असतील. वाद्याची लिहीन तेव्हा त्यात भोपळा सुकायला लागणारे महिने असतील. एखाद्या गावाची लिहीन तेव्हा तिथे कुठे वाकून बघायचं ते असेल. अशा जाहिराती खपतील का, असं मैत्रीण विचारते. लोखंडी नांगर खपायला दोन वर्षं लागली होती, आणि त्या दोन वर्षांत किर्लोस्करांनी नांगर बनवणं थांबवलं नव्हतं. मीही लिहीत राहीन, आणि वाचणाऱ्याने माझी जाहिरात बाजूला ठेवून बूट चढवले, पिशवी भरली किंवा षड्ज लावला, तर ती जमली असं समजेन.